वाट्यावर काम करणाऱ्या खलाशाची दुखापत आणि पावणेदोन लाखांचा कागद

देवगड तालुक्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. त्यांचे यजमान ३४ वर्षांचे असून मासेमारी नौकेवर वाट्यावर, म्हणजे पगाराऐवजी मिळकतीतील हिश्श्यावर, खलाशी म्हणून जातात. फेब्रुवारीत ते पुतण्याच्या मोटरसायकलवर मागे बसून लांज्याहून राजापूरकडे येत असताना, मुंबई-गोवा महामार्गावरील काम चालू असलेल्या एका वळवणाच्या रस्त्यावर समोरून आंब्याच्या पेट्या घेऊन येणाऱ्या टेम्पोची धडक बसली. उजव्या दंडाचे हाड खांद्यालगत मोडले, अणुस्कुरा घाटातून कोल्हापूरला नेऊन शस्त्रक्रिया झाली आणि प्लेट बसवली. आता हात खांद्याच्या वर जात नाही आणि डॉक्टरांनी तोंडी चाळीस टक्के अपंगत्व सांगितले आहे. टेम्पोच्या विमा कंपनीकडून आलो असे सांगणारा एक गृहस्थ घरी येऊन पावणेदोन लाखांच्या तडजोडीचा कागद ठेवून गेला आणि जाताना म्हणाला, की चूक पुतण्याचीच होती, कोर्टात गेलात तर त्याच्यावरच शेकेल. सही करावी का, दावा कोठे करावा आणि पुतण्याचे काय होईल, असे ताईंनी विचारले आहे.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत वीसहून अधिक वर्षे मी अपघात दाव्यांचे काम करत आहे, त्या अनुभवावरून लिहितो. माझ्या मते खरा प्रश्न पावणेदोन लाख थोडे की पुरेसे, हा नाही. कायदा हाड मोडल्याचे पैसे फारसे देत नाही; तो हाड मोडल्यामुळे माणसाला पुढे जे काम करता येणार नाही त्याचे पैसे देतो, आणि ते काम पूर्वी काय होते व आता काय उरले आहे, हे दाखवण्याचा भार जखमी माणसावर असतो. नोकरदाराकडे पगारपत्रक असते. आपल्याकडच्या खलाशाकडे, कलमांवर आंबा उतरवणाऱ्याकडे किंवा चिरेखाणीवरच्या कामगाराकडे तसा एकही कागद नसतो, आणि विमा कंपनीचा माणूस घरी येतो तो नेमके हे जाणूनच येतो.

सहीचा मुद्दा आधी घेतो, कारण तो तातडीचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली ज्या दुरुस्त्या झाल्या, त्यांतील बऱ्याचशा १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या. आताच्या कलम १६४ नुसार, चूक कोणाची होती हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख रुपये मागता येतात. हाड मोडणे ही कायद्याच्या व्याख्येतच गंभीर दुखापत आहे. म्हणजे आपल्यापुढे ठेवलेला आकडा, कोणाचीही चूक न दाखवता मिळू शकणाऱ्या रकमेपेक्षाही कमी आहे. परंतु म्हणून लगेच अडीच लाख मागून मोकळे व्हावे, असे मी सुचवणार नाही. कलम १६४ ची रक्कम कलम १४९ मधील तडजोडीच्या पद्धतीने स्वीकारली, की मोटार अपघात दाव्यांसाठीच्या न्यायाधिकरणापुढचा पूर्ण भरपाईचा अर्ज संपुष्टात येतो, असे कलम १६६ च्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अटीत, स्पष्ट म्हटले आहे. किरकोळ अस्थिभंग होता, तीन महिन्यांत हात पूर्ववत झाला आणि चूक कोणाची याचा पुरावा डळमळीत आहे, अशा प्रकरणात मी स्वतः अशिलाला अडीच लाखांचा मार्ग सुचवलेला आहे. आपल्या यजमानांचे प्रकरण त्या जातीचे दिसत नाही.

तडजोडच करायची झाली तरी ती घरच्या ओटीवर, मुद्रांकावर सही करून होत नाही. कलम १४९ प्रमाणे विमा कंपनीने त्यासाठी अधिकारी नेमायचा असतो, त्याने तीस दिवसांत न्यायाधिकरणापुढे प्रस्ताव ठेवायचा असतो, आणि तो मान्य झाल्यास न्यायाधिकरण तशी नोंद करून निवाडा देते. राष्ट्रीय लोक अदालतीतही अशी प्रकरणे पुष्कळ मिटतात, मात्र तेथील निवाड्यावर अपील नसते, हे ध्यानात ठेवून बसावे. घरी आलेल्या गृहस्थांना चहा द्यावा, त्यांचे नाव व ओळखपत्र पाहून लिहून ठेवावे आणि कोणत्याही कोऱ्या किंवा भरलेल्या कागदावर सही करू नये. जबाबावरही नको. विमा कंपनीच्या तपासनीसाने लिहून घेतलेला जबाब पुढे उलटतपासात समोर येतो आणि त्यातील भाषा बहुधा जखमी माणसाची नसते.

आता पुतण्याची गोष्ट. घरातील वाद टाळण्यासाठी लोक दावाच सोडून देतात, असे मी वारंवार पाहिले आहे, म्हणून हे जरा विस्ताराने सांगतो. मागे बसलेला माणूस गाडी चालवत नसतो. त्यामुळे मोटरसायकल चालवणाऱ्याची काही चूक असली तरी ती मागे बसलेल्याच्या खात्यावर मांडली जात नाही. दोन वाहनांच्या एकत्रित निष्काळजीपणामुळे तिसऱ्याला इजा झाली असेल, तर तो तिसरा माणूस दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण भरपाई मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने खेन्येई प्रकरणात २०१५ मध्ये निःसंदिग्ध केले आहे. तेव्हा टेम्पोचालकाची चूक काही प्रमाणात जरी सिद्ध झाली, तरी यजमानांची संपूर्ण भरपाई टेम्पोच्या विमा कंपनीकडून मागता येते. पुतण्याच्या वाट्याची रक्कम नंतर कोणाकडून वसूल करायची, हा त्या कंपनीचा प्रश्न राहतो. “त्याच्यावरच शेकेल” हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते परिणामकारक ठरते.

उरलेले अर्धे परिस्थितीवर अवलंबून आहे. मोटरसायकलची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी (फक्त तिऱ्हाइताच्या नुकसानीची) आहे की पॅकेज (अधिक व्यापक), हे आजच काढून पाहावे. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेल्याची जोखीम त्या मोटरसायकलच्या विमा कंपनीवर सहसा येत नाही. पॅकेज पॉलिसीत ती साधारणपणे येते. पुतण्याकडे त्या दिवशी वैध परवाना होता का, हेही पाहावे लागेल. परवाना नसेल आणि मोटरसायकलच्या बाजूची चूक ठरली, तर त्या बाजूच्या पैशांसाठी गाडीच्या मालकापर्यंत, म्हणजे कदाचित आपल्या दिरांपर्यंत, वसुली येऊ शकते. ही शक्यता मी लपवणार नाही. मात्र ती किती खरी आहे हे स्थळपंचनाम्यावरून ठरेल, घरी आलेल्या माणसाच्या बोलण्यावरून नव्हे.

म्हणूनच पंचनामा नीट वाचून घ्यावा. वळवणाच्या रस्त्यावरील अपघातात एक अडचण अशी असते, की चार महिन्यांनी ते वळवण जाग्यावर राहतच नाही. पूल पुरा होतो, बॅरिकेड उचलले जातात, आणि कोणाची बाजू कोणती होती, हे साक्षीदारालाही सांगता येत नाही. पंचनाम्यात दोन्ही वाहने रस्त्याच्या कडेपासून किती फुटांवर होती, काचांचे तुकडे आणि पेट्यांतला आंबा कोठे पसरला होता, ब्रेकच्या खुणा कोणत्या बाजूला होत्या, हे लिहिलेले असते. टेम्पोच्या बाजूच्या रेषेपलीकडे काचा पडलेल्या असतील तर ती ओळ दहा साक्षीदारांच्या तोडीची ठरते. वाडीतील कोणी त्या दिवशी मोबाईलवर फोटो काढले असतील तर मूळ फोन जपून ठेवायला सांगावे. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या प्रतीपेक्षा मूळ छायाचित्र सिद्ध करणे सोपे जाते. पुतण्या स्वतःही महत्त्वाचा साक्षीदार आहे, त्याला दूर ठेवण्याचे कारण नाही. न्यायाधिकरणापुढे फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यतांचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहिले जाते, आणि टेम्पोचालक फौजदारी न्यायालयात सुटला तरी दावा त्यामुळे बुडत नाही.

पोलिसांकडून एफआयआर, स्थळपंचनामा, जखमेचे प्रमाणपत्र, टेम्पोची नोंदणी व विम्याची प्रत, चालकाचा परवाना आणि आपल्याकडे ज्याला ‘फॉर्म एए’ म्हणतात तो पोलिसांनी द्यायचा अपघाताचा तपशील, एवढे कागद घ्यावेत. २०२२ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि तो सविस्तर अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. कायदा चांगला आहे. तरीही अहवाल गेला असेल या भरवशावर स्वस्थ बसू नये. गेला असला तरी त्यात यजमानांच्या कामाबद्दल ‘मजुरी’ एवढाच शब्द असण्याचा संभव मोठा.

अर्ज कोठे करायचा, याचे उत्तर सोपे आहे. अपघात जेथे घडला तेथील, आपण राहता तेथील किंवा प्रतिवादी राहतो तेथील न्यायाधिकरण निवडण्याची मुभा अर्जदाराला आहे. त्यामुळे रत्नागिरीला जाण्याची सक्ती नाही, ओरोसला सिंधुदुर्ग जिल्हा न्यायालयात अर्ज करता येईल. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची अपिले कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. मुंबईची रात्रीची गाडी पकडण्याचे दिवस आमच्यासाठीही संपले.

मुदतीबद्दल मात्र गाफील राहू नये. सुधारित कलम १६६(३) प्रमाणे अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करायचा आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेशही नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. तरी अंतरिम आदेशाच्या आधारावर कोणा अशिलाला थांबवून ठेवणे मला मान्य नाही. आता जून चालू आहे, म्हणजे आपल्या हातात ऑगस्टपर्यंतचा वेळ आहे. शिवाय भरपाईवरील व्याज साधारणपणे अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून धरले जाते, म्हणून उशिराचा तोटा दुहेरी होतो. अपंगत्वाचा दाखला अजून मिळालेला नाही, या कारणासाठी अर्ज अडवून ठेवू नये. दाखला मागाहून दाखल करता येतो.

आता मूळ विषयाकडे येतो. डॉक्टर सांगतात ते चाळीस टक्के बहुधा त्या एका हाताचे असतात, संपूर्ण शरीराचे नव्हे, आणि यांपैकी कोणताही आकडा म्हणजे कमाईत झालेली घट नव्हे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही वाट घालून दिली. हात गमावलेला सुतार किंवा वाहनचालक आपले काम पार गमावून बसतो, तर तीच इजा झालेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून न्यायाधिकरणाने आधी त्या माणसाचे काम काय होते, आता त्याला काय जमते आणि काय जमत नाही, हे पाहायचे आणि मग कमाईतील घट ठरवायची.

हिशेब कसा होतो ते उदाहरणाने सांगतो. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. महिन्याची सरासरी कमाई १५,००० रुपये धरली, तर चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसासाठी भविष्यातील वाढ म्हणून त्यात ४० टक्के मिळवतात. हे प्रमाण प्रणय सेठी प्रकरणातील २०१७ च्या निकालाने ठरवले आणि कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यांतही ते लागू होते, असे २०२० मध्ये पप्पू देव यादव प्रकरणात स्पष्ट झाले. झाले २१,००० रुपये महिना, म्हणजे वर्षाला २,५२,०००. सरला वर्मा प्रकरणातील २००९ च्या तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचे तो आकडा, १६ आहे, म्हणून ४०,३२,०००. आता विमा कंपनी म्हणेल, हाताचे चाळीस टक्के म्हणजे शरीराचे फार तर तेरा टक्के. तसे मानले तर ५,२४,१६० रुपये होतात. कमाईतील घट ३० टक्के ठरली तर १२,०९,६०० आणि ४० टक्के ठरली तर १६,१२,८००. माणूस तोच आहे, प्लेटही तीच आहे. फरक पडतो तो जाळे ओढणे म्हणजे काय, हे न्यायाधीशांना नीट समजावून दिले की नाही, यामुळे.

ते समजावून देणे हे वकिलाचे काम आहे, पण सामग्री घरातून यावी लागते. नौकेच्या मालकाची वही पाहावी. डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा करून वाटे पडतात, त्याची नोंद बहुतेक मालक ठेवतात. हंगामाच्या आरंभी दिलेली उचलही त्यात लिहिलेली असते, आणि उचल किती दिली यावरून मालकाला त्या खलाशाची किंमत किती वाटत होती, हे कळते. मच्छीमार सोसायटीचा दाखला, यजमानांचे ओळखपत्र, लिलावाच्या पावत्या, बँकेत वेळोवेळी भरलेल्या रकमा, बचतगटाच्या कर्जाचे हप्ते, हे सर्व गोळा करावे. आणि तांडेलाला, म्हणजे नौकेवरील खलाशांच्या म्होरक्याला, साक्षीला आणावे. मालकापेक्षा तांडेलाची साक्ष मला अधिक उपयोगी वाटते, कारण जाळे ओढताना कोणता हात कोठे लागतो, हलत्या नौकेवर तोल सांभाळायला हात वर करून दोर का धरावा लागतो, हे तो सांगू शकतो. एका प्रकरणात तांडेलाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून नुसत्या हातांनी जाळे ओढून दाखवले होते. त्यानंतर विमा कंपनीच्या वकिलांनी त्या मुद्द्यावर एकही प्रश्न विचारला नाही. यजमान आंबा उतरवायला जात असतील तर तेही सांगावे, घळ, म्हणजे आंबा उतरवायची जाळीची काठी, धरायलाही हात डोक्यावर न्यावा लागतो.

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी असते, म्हणून वर्षाचे दहाच महिने कमाई धरा, असा युक्तिवाद हमखास होतो. तो पूर्ण चुकीचा नाही. परंतु बंदीच्या काळात यजमान जाळी विणत होते, भाताची लावणी करत होते किंवा दुसऱ्याच्या बागेत कामाला जात होते, तर ते सांगणारा माणूस आणावा. पुरावा अगदीच नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतन आणि त्या भागातील प्रचलित मजुरी पाहून कमाई गृहीत धरते. कमाईचा कागद नाही म्हणून दावा शून्यावर येत नाही, पण गृहीत धरलेली कमाई खऱ्यापेक्षा बहुधा कमीच असते.

अपंगत्वाचा दाखला हाड पूर्ण जुळल्यावर आणि व्यायामोपचार संपल्यावर, शक्यतो ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्याच डॉक्टरांकडून घ्यावा. रुग्णाला एकदाच पाहून दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्राकडे न्यायालये संशयाने पाहतात, आणि राजकुमार निकालातच तसा इशारा आहे. कोल्हापूरचे डॉक्टर ओरोसला येणार कसे, ही चिंता सर्वांनाच असते. त्यांची साक्ष कमिशनद्वारे, म्हणजे त्यासाठी नेमलेल्या व्यक्तीमार्फत, त्यांच्या दवाखान्यात नोंदवून घेता येते, तसा अर्ज वेळेत द्यावा.

इतर बाबींचा विस्तार करत नाही. औषधोपचार, रुग्णवाहिका, घाट ओलांडून केलेल्या फेऱ्या, पोषक आहार, पुढे प्लेट काढण्याचा खर्च, वेदना, उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, या सर्वांची मागणी होते. मेडिक्लेमचे पैसे मिळाले असतील तरी ते वजा होत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये ठरवले आहे. एक गोष्ट ताईंना मुद्दाम सांगतो: चार महिने आपण त्यांना आंघोळ घातली, भरवले, दवाखान्यात नेले, त्या शुश्रूषेचेही मोल मागता येते, पगारी परिचारिका ठेवली नव्हती म्हणून ते सोडून देऊ नये.

वकिलाच्या शुल्काबद्दल विचारलेले नाही, तरी सांगतो. मिळणाऱ्या भरपाईत टक्केवारी ठरवणे वकिलांच्या व्यावसायिक नियमांत बसत नाही, हे बोलायला आमच्या मंडळींना आवडत नाही. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो.

शेवटी ऑगस्टबद्दल. बंदी उठली की घरची ओढाताण पाहून यजमान पुन्हा नौकेवर जाऊ म्हणतील, आणि दावा चालू आहे म्हणून जाऊ नका, असे कोणीतरी त्यांना सांगेल. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर त्यांनी जावे, फक्त ते लपवू नये. माझ्या एका अशिलाला उलटतपासात नारळी पौर्णिमेचा फोटो दाखवला गेला होता. नौकेवर उभा राहून तो हसत होता. फोटो आपलाच असल्याचे त्याने लगेच मान्य केले आणि सांगितले, की मालक आता मला जेवण रांधायला आणि मासळी निवडायला नेतात, जाळ्याला हात लावू देत नाहीत आणि अर्धा वाटा देतात. हे सारे आम्ही त्याच्या सरतपासाच्या, म्हणजे उलटतपासाआधी द्यायच्या साक्षीच्या, प्रतिज्ञापत्रात आधीच लिहिलेले होते. मालकाने वही आणून तो अर्धा वाटा दाखवला, आणि कमाईतील घट ठरवताना न्यायाधिकरणाने त्याच वहीचा आधार घेतला.